लोहचुंबक, जनुक आणि आपल्या घरातले रिश्ते

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘विज्ञान आणि आजचा मुस्लिम तरुण’ असं छापलंय. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोललं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून मी त्यातली एक छोटीशी गोष्ट घेते. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुक बसवायचं, खालून लोहचुंबक धरायचा आणि ते जनुक पेशीत पोचवायचं. याला मॅग्नेटोफेक्शन म्हणतात. मी जैवतंत्रज्ञान शिकवते, त्यामुळे हे तंत्र माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे. आजच हा विषय घेण्यामागे मात्र वेगळं कारण आहे.

२०२१ मध्ये कोरोनाची लस सुरू झाली तेव्हाचे व्हिडिओ आठवा. कुणी दंडाला नाणी चिकटवून दाखवत होतं, कुणी चमचे. जून महिन्यात नाशिकमधून आलेला असा एक व्हिडिओ सगळ्या वाहिन्यांवर फिरला. आपल्या मोहल्ल्यांत तर त्या व्हिडिओंना वर आणखी फोडणी मिळाली: लसीत चुंबक आहे, चिप आहे, मुलं होणार नाहीत. पोलिओच्या थेंबांच्या वेळची अफवाच नवे कपडे घालून परत आली होती. घाम आणि त्वचेच्या तेलकटपणामुळे गुळगुळीत वस्तू अंगाला चिकटते. दंडावर पावडर टाकली की ती पडते. आणि घरातला चांगल्या स्टीलचा चमचा अनेकदा खऱ्या लोहचुंबकालाही चिकटत नाही, मग दंडाला कसा चिकटेल? एवढी तपासणी कुठल्याही स्वयंपाकघरात झाली असती.

मजेची गोष्ट अशी की कोविशील्डमध्ये लोखंड नव्हतं, पण जनुक होतं. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या त्या लसीच्या एका डोसमध्ये सुमारे ५ हजार कोटी विषाणूकण असत. चिंपांझींना सर्दी करणारा एक अ‍ॅडिनोव्हायरस घेऊन त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकली होती आणि त्याच्या पोटात कोरोनाच्या काट्याचं जनुक घातलं होतं. तो विषाणू तुमच्या दंडातल्या पेशींत शिरला, जनुक सोडलं, पेशींनी काही काळ ते काटे बनवले आणि शरीर त्यांच्याशी लढायला शिकलं. म्हणजे इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या पेशींत बाहेरचं जनुक एकदा जाऊन आलेलं आहे, आणि तुमच्या स्वतःच्या जनुकांत त्याने काही बदल केलेला नाही. चुंबकाने जनुक पोचवण्याचं शास्त्रही खरोखर अस्तित्वात आहे. अफवेने दोन खऱ्या गोष्टी उचलल्या आणि त्यांची खोटी खिचडी केली.

आता ते खरं शास्त्र पाहू.

जनुक पेशीत घालायचं म्हणजे नेमकी अडचण काय? आपली एक पेशी साधारण १० ते २० मायक्रोमीटरची असते. तिच्याभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, जाडी काही नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे किती, तर आपला एक केसच साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. आवरण असं पातळ असलं तरी पहारा कडक आहे. डीएनएवर ऋण भार असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणच भार असतो. दोघं एकमेकांना ढकलतात. नुसता डीएनए पेशीवर ओतला तर तो वरच तरंगत राहतो आणि थोड्या वेळात विकरं त्याचे तुकडे करतात. म्हणून त्याला वाहन लागतं.

सर्वात पटाईत वाहन म्हणजे विषाणू. पेशीत शिरून आपली जनुकं सोडणं हाच त्याचा जन्मजात धंदा. पण शरीर विषाणूला ओळखतं. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका चाचणीत जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या मुलाला अ‍ॅडिनोव्हायरसमधून जनुक दिलं गेलं. त्याच्या यकृतात एका विकराची जन्मजात उणीव होती, पण आहार आणि औषधांवर तो बरा चालला होता. शरीराने त्या विषाणूवर एवढा हल्ला चढवला की चार दिवसांत तो गेला. पुढच्या चौकशीत संमतीपत्रापासून देखरेखीपर्यंत अनेक त्रुटी बाहेर आल्या. जनुकोपचाराचं क्षेत्र त्यानंतर कित्येक वर्षं मागे गेलं, आणि विषाणूशिवाय हे काम करता येईल का, या प्रश्नाला वजन आलं.

विजेचा झटका देऊन पेशीच्या आवरणाला क्षणभर छिद्रं पाडता येतात. स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म गोळीत जनुक गुंडाळता येतं. आणि तिसरा मार्ग लोखंडाचा.

म्युनिकमध्ये क्रिस्टियान प्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या पद्धतीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मॅग्नेटोफेक्शन हे नाव तिथूनच रूढ झालं. कल्पना इतकी साधी आहे की दहावीच्या मुलालाही समजावी. लोखंडाच्या ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटसारख्या पदार्थाचे, दहा-वीस नॅनोमीटरचे कण घ्यायचे. त्यांच्यावर धन भार असलेल्या एखाद्या पदार्थाचा लेप द्यायचा. पॉलिइथिलिनइमाइन नावाचं एक पॉलिमर त्यासाठी खूप वापरतात. आता ऋण भाराचा डीएनए त्याला आपोआप चिकटतो. पेशी प्लास्टिकच्या थाळीत तळाला चिकटून वाढत असतात. वरून हे मिश्रण टाकायचं आणि थाळी निओडिमियम चुंबकांच्या पाटावर ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांत कण खाली ओढले जातात आणि पेशींवर जाऊन बसतात. चुंबक नसेल तर तेच मिश्रण तरंगत तरंगत खाली यायला काही तास लागतात, आणि त्यातलं बरंचसं पेशींपर्यंत पोचतच नाही.

कण एवढे लहान का, हा प्रश्न मला सर्वात आवडतो. लोखंडाचा खिळा चुंबकावर घासला की चुंबक काढल्यावरही त्याच्यात थोडं चुंबकत्व उरतं. कणांचं तसं झालं असतं तर ते एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले असते, आणि रक्तवाहिनीत गोळा म्हणजे गाठ. पण मॅग्नेटाइटचा कण साधारण वीस-तीस नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की त्याचं चुंबकत्व उष्णतेच्या हालचालीमुळेच सतत दिशा बदलत राहतं. चुंबक जवळ आणा, सगळे कण शिस्तीत उभे राहतात. चुंबक दूर करा, सगळे आपापल्या नादात. मागे काही उरत नाही. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना या कणांच्या काळ्या पाण्याची सीलबंद बाटली देतो. चुंबक लावला की पाणी एका बाजूला सरकतं, काढला की पुन्हा सारखं. त्या दिवशी तास संपल्याचं मुलांना कळत नाही.

आता इथे एक गैरसमज होतो, अगदी शिकलेल्यांचाही. लोकांना वाटतं चुंबक त्या कणाला आवरण फोडून आत ओढतो. तसं होत नाही. चुंबकाचं काम दारापर्यंत पोचवण्याचं. दार उघडते पेशी स्वतःच. तिच्यावर काही बसलं की ती आवरणाचा खळगा करून ते गिळते, आणि ते एका छोट्या पिशवीत बंद होतं. त्या पिशवीतलं वातावरण हळूहळू आम्ल होत जातं आणि शेवटी आतला माल पचवला जातो. जनुकाला त्याआधी पिशवीतून निसटायचं असतं. मग केंद्रकाच्या आत जायचं असतं, ते दुसरं दार. पेशी विभागत असेल तेव्हा केंद्रकाचं आवरण विरघळतं, म्हणून वाढणाऱ्या पेशींत काम सोपं जातं, आणि चेतापेशींसारख्या न विभागणाऱ्या पेशींत अवघड. या दोन टप्प्यांत चुंबकाचा काहीही उपयोग नाही. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात जॉन डॉब्सन यांच्या गटाने चुंबक स्थिर न ठेवता थाळीखाली मागेपुढे हलवून पाहिला, आणि त्याने पेशींत जनुक शिरण्याचं प्रमाण वाढलं. तरी पिशवीतून सुटायचं काम जनुकाला करावंच लागतं.

मग हे माणसाला का देत नाहीत? कारण अंतर. चुंबकाची ओढ नुसत्या ताकदीवर ठरत नाही. ते क्षेत्र किती वेगाने बदलतंय यावर ती ठरते, आणि अंतर वाढलं की ती झपाट्याने घसरते. थाळीत पेशी चुंबकापासून एक-दोन मिलिमीटरवर असतात. माणसाचं यकृत किंवा हाडातला मगज कित्येक सेंटिमीटर आत असतो, आणि मधून रक्त वेगाने वाहत असतं. एमआरआयच्या यंत्रात एवढा प्रचंड चुंबक असतो, पण त्याच्या मधोमध क्षेत्र जवळजवळ सारखं असल्याने तिथे कण फक्त रांगेत उभे राहतात, कुठे ओढले जात नाहीत.

म्हणून शरीरातले प्रयोग पृष्ठभागाजवळच्या जागी झाले. म्युनिकमध्येच मांजरींच्या त्वचेखाली होणाऱ्या सार्कोमा या कर्करोगावर, शस्त्रक्रियेआधी गाठीत असे कण टोचून वर चुंबक धरून पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या. उंदरांमध्ये २००७ साली असे कण असलेलं तुषार-औषध श्वासातून देऊन, चुंबकाच्या मदतीने ते फुप्फुसाच्या ठरावीक भागाकडे वळवता आलं. पुढचं काम चालू आहे. पण आज कुठल्याही दवाखान्यात चुंबकाने जनुकोपचार मिळत नाही. कुणी तुम्हाला तसं सांगून पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. चुंबकीय गाद्या, बांगड्या, रक्त शुद्ध करणारे चुंबकीय पट्टे यांचंही तेच. हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं हे खरं, पण त्या रूपातलं लोह बांगडीच्या चुंबकाने ओढलं जात नाही.

लोखंड शरीरात गेलं तर काय, असंही विचारतात. मोठ्या माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असतंच. लोहाच्या ऑक्साइडच्याच सूक्ष्म कणांचं फेरुमॉक्सिटॉल नावाचं औषध २००९ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी शिरेतून देतात. तेव्हा लोह ही मोठी अडचण नाही. जास्त काळजी त्या पॉलिमरच्या लेपाची आहे, कारण जास्त मात्रेत तो पेशी मारतो.

असं भाषण झालं की कुणीतरी उठून म्हणतं, मॅडम, लोखंडाचा उल्लेख तर कुरआनात आहे, सूरह अल-हदीद, मग हा शोध आपल्याकडे आधीच होता ना? माझं उत्तर ठरलेलं आहे. सूरह आहे, तिचं नाव लोखंड आहे, आणि ज्याचा ईमान आहे त्याने ती ज्यासाठी आहे त्यासाठी वाचावी. पण मॅग्नेटोफेक्शन लागलं ते थाळीवर थाळी खराब करणाऱ्या माणसांना. दुसऱ्याने मेहनत केल्यावर ‘आमच्या पुस्तकात होतं’ म्हणायची सवय आपल्या देशात सगळ्याच धर्मांच्या लोकांना लागली आहे. त्या स्पर्धेत आपण उतरू नये.

आता रिश्त्यांकडे येते. त्यासाठीच हा सगळा विषय काढला.

थॅलेसेमिया मेजर तुम्ही ऐकला असेल. हिमोग्लोबिन बनवणारं एक जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेलं आलं की मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आणि इथे लोखंड पुन्हा येतं. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं. उरलेलं हृदयात, यकृतात साचतं. ते काढायला वेगळी औषधं, जन्मभर. या मुलांना मारतं ते अनेकदा साचलेलं लोखंडच.

यावर जनुकोपचार आला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने कॅसजेव्ही या उपचाराला सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी मान्यता दिली. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून, विजेच्या झटक्याने त्यांच्यात जनुकाची कात्री घालून त्या परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने १८ कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडे आशा वाटावी अशी एक गोष्ट मुंबईत घडली आहे. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही परदेशातल्या किमतीच्या छोट्याशा अंशात. त्यातही जनुक पेशीत घालावंच लागतं, तिथे ते काम विषाणू करतो. जनुक पोचवायचं वाहन स्वस्त झालं तर उपचार स्वस्त व्हायला हातभार लागेल. चुंबकाच्या थाळीकडे मी त्या नजरेने बघते. आपल्या मुलामुलींनी या कामात जावं असं मला मनापासून वाटतं.

पण ते होईपर्यंत आपण काय करणार? थॅलेसेमियाच्या बाबतीत रोग होऊच न देण्याचा मार्ग शे-पाचशेपासून हजार-दीड हजार रुपयांच्या रक्ततपासणीत आहे, आणि आपण ती करत नाही.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. ‘एक आजारी झालं, आता तीन ठीक होतील’ असा हिशेब नसतो, दर वेळी फासा नव्याने पडतो. चुलत, मावस, मामे, आते भावंडांत लग्न झालं की दोघांकडे एकाच आजोबांचं तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या अभ्यासात, २०१३ साली, जन्मजात दोषांचा धोका सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नांत सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेला दिसला. म्हणजे दुप्पट. म्हणजे ९४ टक्के मुलं निरोगीही. दोन्ही आकडे सांगायला हवेत. शिवाय हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात कितीतरी हिंदू घरांत होतं. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत चुलत लग्नं न होताही थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे, कारण लग्न समाजातल्या समाजातच. आपणही जमातीबाहेर बघत नाही. जनुकाला निकाहनामा वाचता येत नाही, त्याला फक्त वर्तुळ किती लहान आहे एवढंच कळतं.

मी आलिम नाही, पण माहिती देते. मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने १९९८ मध्ये उपचारासाठी जनुकतंत्र वापरायला, मोठं नुकसान होणार नसेल तर, परवानगी दिली. इराणने लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून सक्तीची केली, सौदी अरेबियाने २००४ पासून. तेव्हा ‘हे आपल्यात चालत नाही’ म्हणणाऱ्यांना विचारा, कुठल्या आपल्यात?

माझ्या मते सक्ती नको, पण सवय हवी. आणि ती मुलांपासून सुरू करा. मुलीची तपासणी आधी केली आणि ती वाहक निघाली, तर ‘मुलीत दोष आहे’ अशी गावभर बोंब होते. मुलाचा अहवाल साफ असेल तर मुलीच्या अहवालाने या रोगापुरता फरकच पडत नाही, कारण आजारी मूल व्हायला दोन्ही बाजू लागतात. म्हणून मुलग्यांनी आधी जावं, तेही कॉलेजात असताना. हॉल बुक झाला, पत्रिका वाटल्या, मग तपासणी, याला अर्थ नाही. आजारी मूल झाल्यावर सुनेला ‘तुझ्या खानदानातून आलं’ म्हणून माहेरी पाठवल्याच्या कहाण्या आपल्याला ठाऊक आहेत. ज्याच्या तोंडून हे वाक्य निघतं त्याच्याही रक्तात तेच जनुक असतं.

दोघंही वाहक निघाले आणि तरीही लग्न करायचं असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. मग गरोदरपणाच्या साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी होते. अनेक फकीहांनी गंभीर आजारासाठी १२० दिवसांची मर्यादा मानली आहे, तपासणी त्याच्या आत बसते. निर्णय त्या जोडप्याचा, आणि पहिला शब्द त्या बाईचा.

ज्यांच्या घरात आजारी मूल आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया आहेत, प्रमाणपत्र काढा. आणि भाऊ-बहिणीचा मगज जुळत असेल तर प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच अर्ज करावा लागतो.

तपासणीचं नाव एचपीएलसी, हिमोग्लोबिन ए-टू मोजण्यासाठी. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचे वाहक असण्याची शक्यता, मग डॉक्टरांशी बोला. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, मोठ्या शहरांतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि खासगी प्रयोगशाळांतही सोय असते. अंगात लोह कमी असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून रक्तक्षय असेल तर आधी तसं सांगा. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही सांगा. उपाशीपोटी जावं लागत नाही.